कोळशापासून गॅस : उत्प्रेरक वाट सोपी करतो, हिशेब मिटवत नाही



दहावीच्या कुठल्याही मुलाला विचारा, "उत्प्रेरक म्हणजे काय?" उत्तर एका दमात येतं. अभिक्रियेचा वेग वाढवतो, स्वतः बदलत नाही. झालं, दोन गुण पक्के. आता त्याच मुलाला दुसरा प्रश्न विचारा. "दगडी कोळशाचा गॅस करताना उत्प्रेरक वापरला, तर कोळशातला कार्बन शेवटी कुठे जातो?" इथे बहुतेक मुलं गप्प होतात. काही जण म्हणतात, "गॅस स्वच्छ असतो ना, मग कार्बन निघून जात असेल."

हे "निघून जात असेल" मला धोक्याचं वाटतं. कारण हा प्रश्न आता फक्त परीक्षेचा राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कोळसा आणि लिग्नाइटपासून वायू बनवणाऱ्या प्रकल्पांसाठी ८,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाचा वायू करायचा, असं देशाचं उद्दिष्ट आहे. आपल्या राज्यातही चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या अशा प्रकल्पाला डिसेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाच्या उपसमितीने मंजुरी दिली. पैसा आपला, कोळसा आपला, हवाही आपलीच. आज आपल्या वर्गात बसलेली मुलं उद्या यावर मत देणार आहेत. त्यांना निदान हिशेब मांडता यावा, एवढी अपेक्षा चुकीची आहे का?

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. उत्प्रेरक वाट सोपी करतो, पण कार्बनचा हिशेब मिटवत नाही. ही एक गोष्ट मुलांना नीट कळली, तर व्याख्या पाठ न करताही चालेल. आणि ती कळण्यासाठी लागणारं बरंचसं साहित्य आपल्या कर्जत-खालापूरमध्ये आहे. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेलासुद्धा ते मिळतं.

भट्टीवरच्या मुलाला जे आधीच माहीत असतं

आपल्या तालुक्यांतल्या वाड्यांवरून कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर बाहेर पडतात. कोणी उचल घेऊन वीटभट्टीवर जातं, कोणी कोळशाच्या भट्टीवर. पाऊस तोंडावर आला की परत येतात. मुलं बरोबर असतात. हजेरीपटावर तेवढे महिने रिकामे दिसतात. आपण शिक्षण हमी पत्रक भरतो, पाठपुरावा करतो, आणि मूल परत आलं की पहिलं वाक्य म्हणतो, "बघ, किती मागे राहिलास!"

बाकी विषयांत तो मागे राहिला असेल. पण कोळशाच्या धड्यात तो मागे नाही.

लोणारी कोळसा कसा करतात, ते या मुलाला विचारून बघा. लाकडं नीट रचायची. वरून पाला, गवत आणि ओल्या मातीचा थर द्यायचा. आतून पेटवायचं आणि हवेसाठी मोजकीच भोकं ठेवायची. सुरुवातीला दाट पांढरा धूर येतो, कारण लाकडातलं पाणी वाफ होऊन निघत असतं. धूर विरळ आणि निळसर झाला की कोळसा तयार होत आला. मग भोकं बुजवायची आणि भट्टी थंड होऊ द्यायची. घाई करून लवकर उघडली तर हवा शिरते, कोळसा भडकतो आणि हाती राख येते.

या मुलाच्या बोलण्यात रसायनशास्त्र आहे. भरपूर हवा दिली तर सगळं जळून राख आणि कार्बन डायऑक्साइड. हवा तोडली तर कोळसा. आणि तापलेल्या कोळशाला हवा थोडीच दिली, जोडीला पाण्याची वाफ दिली, तर? तर कोळसा पूर्ण जळत नाही, त्याचा जळणारा गॅस होतो. कोळशाच्या वायूकरणाचं मूळ एवढंच आहे. कारखान्यात मातीच्या थराऐवजी पोलादी पात्र असतं आणि भोकांऐवजी व्हॉल्व्ह असतात, पण हवा किती सोडायची हाच प्रश्न तिथेही असतो.

पालकांना एक सूचना इथेच देतो. अर्धवट हवेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. कारखान्यात तोच इंधन म्हणून उपयोगी पडतो, पण बंद खोलीत तो जीव घेतो. त्याला वास नाही, रंग नाही. थंडीत शेगडी पेटती ठेवून दारं-खिडक्या लावून झोपू नका. हा धडा शिकवताना ही गोष्ट सांगितलीच पाहिजे.

मुंबईचे दिवे आणि युद्धातल्या मोटारी

कोळशापासून गॅस ही नवी गोष्ट नाही. १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, ते कोळशाच्या गॅसवर. बंद भांड्यात, हवा न लागू देता दगडी कोळसा तापवायचा. त्यातून गॅस निघतो, डांबर निघतं, अमोनिया निघतो, आणि मागे कोक उरतो. हा गॅस नळांतून शहरभर जायचा. लालबागच्या एका भागाला "गॅस कंपनी" हे नाव त्यावरूनच पडलं.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं, तेव्हा आपल्याकडे काही मोटारी कोळशावर धावल्या. गाडीला कोळशाची उभी टाकी जोडलेली असायची. त्यात कोळसा अर्धवट जाळून प्रोड्यूसर गॅस करायचा आणि तो इंजिनाला द्यायचा. घरात कोणी नव्वदीपुढचे आजोबा असतील तर मुलांना त्यांच्याशी बोलायला सांगा.

पण या दोन्ही रीतींत एक अडचण होती. गॅस मिळायचा, पण हलका. प्रोड्यूसर गॅसमध्ये तर हवेतला नायट्रोजनच निम्म्याच्या आसपास असतो, आणि तो जळत नाही. आज आपल्या रायगड जिल्ह्यात महानगर गॅसच्या पाइपातून जो घरगुती गॅस येतो, तो मुख्यतः मिथेन. तेवढ्याच आकारमानात त्याची उष्णता कितीतरी जास्त. मग कोळशापासून थेट मिथेन करता येईल का? येतो. आणि इथेच उत्प्रेरकाचं काम सुरू होतं.

वावर्ल्याचा बोगदा

मुलांना उत्प्रेरक समजावताना आपण पुस्तकातली उदाहरणं देतो. पोटॅशियम क्लोरेट आणि मँगनीज डायऑक्साइड. उदाहरण बरोबर आहे, पण आपल्या मुलांनी यातलं काहीच पाहिलेलं नसतं. त्यापेक्षा पनवेल-कर्जत रेल्वे घ्या.

पनवेल सखल भागात, कर्जतही डोंगराच्या पायथ्याशी. मध्ये डोंगर. डोंगरावरून चढून जायचं म्हटलं तर किती ताकद लागेल! म्हणून बोगदे खणले. नव्या उपनगरी मार्गावर वावर्ल्याचा बोगदा अडीच किलोमीटरहून लांब आहे. आता मुलांना विचारा, बोगदा झाल्यामुळे पनवेलची उंची बदलली का? कर्जतची बदलली का? नाही. गावं होती तिथेच आहेत. मधला चढ तेवढा वाचला.

उत्प्रेरक असाच बोगदा आहे. सुरुवातीचे पदार्थ तेच, शेवटचे पदार्थ तेच, दोघांमधला ऊर्जेचा फरकही तोच. फक्त मधली चढण कमी होते, म्हणून कमी तापमानात आणि कमी वेळात काम होतं.

बोगद्याची आणखी एक गंमत सांगा. त्यातून गाडी दोन्ही बाजूंनी जाते. निकेल या धातूचं बघा. अलिबागजवळच्या थळला आरसीएफचा खत कारखाना आहे. तिथे नैसर्गिक वायूतला मिथेन आणि वाफ निकेलच्या उत्प्रेरकावरून नेतात, आणि हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड मिळवतात. त्या हायड्रोजनपासून पुढे अमोनिया आणि युरिया. आता अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात चला. तिथे १९८४ पासून लिग्नाइटचा गॅस करून त्यातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन निकेलवरूनच नेतात, आणि मिथेन मिळवतात. बरोबर उलटी दिशा! थळला तापमान खूप जास्त ठेवतात, तिकडे त्या मानाने कमी. गाडी कुठे जाणार ते तापमान, दाब आणि पदार्थांचं प्रमाण ठरवतात. उत्प्रेरक फक्त वाट देतो.

"उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेत नाही" हे वाक्य मात्र फळ्यावरून पुसून टाकायला हवं. तो भाग घेतो. मधल्या पायरीवर जोडला जातो आणि शेवटी सुटून परत येतो. भाग न घेता वेग वाढवणं शक्यच नाही.

चुलीच्या राखेतला उत्प्रेरक

आता सगळ्यात जवळचा मुद्दा. कोळशाचा गॅस करताना वापरल्या गेलेल्या उत्प्रेरकांतला एक महत्त्वाचा पदार्थ म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट. नाव जड आहे, पण वस्तू ओळखीची आहे. लाकडाच्या राखेत तो असतो. आजीने ज्या राखेने भांडी घासली, त्या राखेला तेलकटपणा काढायची ताकद अशाच क्षारांमुळे येते.

१९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले, तेव्हा अमेरिकेत एक्सॉन कंपनीने यावर मोठं काम केलं. कोळशाच्या भुकटीत पोटॅशियमचे क्षार मिसळायचे आणि साधारण ७०० अंश सेल्सिअसला वाफ सोडायची. उत्प्रेरकाशिवाय हेच काम करायला साधारण ९०० ते १४०० अंश लागतात. टेक्सासमधल्या बेटाउनला त्यांनी प्रायोगिक संयंत्र चालवलं.

पोटॅशियम करतो काय? पाण्याच्या वाफेतला ऑक्सिजन घेतो आणि शेजारच्या कार्बनच्या हातात देतो. विहिरीपासून घरापर्यंत हंडे हातोहात द्यावेत, तसं. कार्बन ऑक्सिजन घेऊन वायू होऊन उडतो, पोटॅशियम मोकळा होतो आणि पुढचा हंडा घेतो. शिवाय ७०० अंशांसारख्या कमी तापमानात मिथेन जास्त बनतो, आणि मिथेन बनताना बाहेर पडणारी उष्णता वाफ-कोळशाच्या अभिक्रियेला तिथल्या तिथे उपयोगी पडते. कल्पना सुंदर होती. पण पुढे तेल स्वस्त झालं आणि मोठे कारखाने काही उभे राहिले नाहीत.

आपल्या देशात आणखी एक अडचण आहे, आणि ती मुलांना जरूर सांगावी. भारतातल्या बऱ्याच दगडी कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. या राखेत चिकणमातीसारखी खनिजं असतात. ती पोटॅशियमला पकडून ठेवतात आणि पाण्यात न विरघळणारं संयुग तयार होतं. मग धुऊनही तो परत मिळत नाही. निकेलचं दुखणं वेगळं. कोळशातलं गंधक निकेलवर बसलं की त्याचं काम थांबतं. म्हणून गॅस आधी गंधकमुक्त करावा लागतो.

म्हणजे "उत्प्रेरक संपत नाही" हे कागदावर खरं. कारखान्यात तो अडकतो, विषारतो, झिजतो, आणि पुन्हा विकत आणावा लागतो. परदेशातली रीत जशीच्या तशी उचलून आपल्या कोळशाला लावता येत नाही, याचं हे एक मोठं कारण. हैदराबादला बीएचईएलने जास्त राखेच्या भारतीय कोळशापासून मिथेनॉल बनवणारं छोटं संयंत्र उभं केलं. त्याची क्षमता दिवसाला पाव टन. ऐकायला कमी वाटतं, पण आपल्या कोळशाला आपलंच उत्तर शोधायचं तर सुरुवात अशीच होते.

२४ + ३६ = १६ + ४४

आता हिशेबाकडे येऊ. हे गणित चौथीच्या मुलालाही जमतं.

वाफ आणि कोळशापासून मिथेन करण्याच्या सगळ्या पायऱ्या एकत्र केल्या, तर शेवटी असं उरतं. कार्बनचे २ अणू आणि पाण्याचे २ रेणू यांपासून मिथेनचा १ रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा १ रेणू. वजनात मांडायचं तर २४ किलो कार्बन आणि ३६ किलो पाणी, मिळून ६० किलो. त्यातून १६ किलो मिथेन आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड, मिळून पुन्हा ६० किलो. काहीही हरवलं नाही.

फळ्यावर हे लिहा आणि मुलांना विचारा, यात उत्प्रेरकाची जागा कुठे आहे? तो बेरजेत कुठेच नाही. तो असला तरी ६०, नसला तरी ६०.

आता पुढची पायरी. हा १६ किलो मिथेन घरात जळला, की त्यापासून आणखी ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे कारखान्यात ४४ आणि स्वयंपाकघरात ४४, एकूण ८८. जमिनीतून निघालेला नैसर्गिक वायू तेवढाच जाळला असता, तर शेगडीतून फक्त ४४ किलो आला असता. आणि ८८ हा कागदावरचा किमान आकडा. वाफ करायला, ऑक्सिजन वेगळा काढायला, यंत्रं चालवायला जी ऊर्जा लागते तिचा हिशेब यात धरलेलाच नाही.

शेगडीची निळी ज्योत बघून आपण "स्वच्छ" म्हणतो. ती घरात स्वच्छ आहे, हे खरंच. पण अर्धा कार्बन शेगडीपर्यंत येण्याआधीच कारखान्याजवळ बाहेर पडलेला असतो. तो आपल्याला दिसत नाही, भद्रावतीच्या आकाशाला दिसेल.

खालापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांचंही उदाहरण द्या. पेट्रोल गाडीच्या एक्झॉस्टला उत्प्रेरक बसवलेला असतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे धातू असतात. ते विषारी कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करतात. माणसाचा जीव वाचतो, ही मोठीच गोष्ट. पण कार्बन होता तेवढाच बाहेर पडतो.

मग हा गॅस नकोच का?

असं माझं म्हणणं नाही. दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. एक बाजू म्हणते, कोळशाचा गॅस म्हणजे सगळ्या प्रश्नांचं उत्तर. दुसरी म्हणते, कोळसा शब्दच नको. वर्गात मुलांसमोर दोन्ही बाजूंचं वजन करायला हवं.

बाजूने बोलायचं तर मुद्दे भक्कम आहेत. आपल्याला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त परदेशातून येतो. तिकडे युद्ध झालं की इकडे सिलिंडर महागतो. आणि सिलिंडर महागला की आपल्या वाड्यांवर काय होतं, ते तुम्ही पाहिलं असेल. रिकामा सिलिंडर कोपऱ्यात जातो, चूल पुन्हा पेटते, आणि मोळीसाठी बाई आणि तिच्याबरोबर मुलगी रानात जाते. धूर आईच्या फुप्फुसात जातो आणि मुलीची शाळा बुडते. तेव्हा देशात बनलेलं, परवडणारं स्वयंपाकाचं इंधन ही चैनीची मागणी नाही.

आणि यात आपल्या माणसांचं कामही आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे एनसीएलने, मिथेनॉलपासून डायमिथाइल ईथर बनवणारं प्रायोगिक संयंत्र उभारलं, दिवसाला २० ते २४ किलोचं. मिथेनॉलच्या दोन रेणूंमधून पाण्याचा एक रेणू काढून घेतला की हा वायू बनतो, आणि ते कामही उत्प्रेरकच करतो. थोड्या दाबाखाली तो एलपीजीसारखा द्रव होतो आणि सिलिंडरात भरता येतो. २०२० मध्ये एनसीएलने "अदिती ऊर्जा संच" नावाची शेगडी पुढे आणली. ती डायमिथाइल ईथरवर चालते आणि एलपीजीबरोबरच्या मिश्रणावरही. यात पाहण्यासारखं हे, की मिथेनॉल कोळशापासून करता येतं, तसं शेतातल्या काडीकचऱ्यापासूनही करता येतं. म्हणजे पुढचा उत्प्रेरक तोच, फक्त कार्बन कुठून आणायचा ते आपण ठरवायचं. रानातल्या झाडाने गेल्या वर्षी हवेतून घेतलेला कार्बन, की कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला? हा फरक मुलांना सहज समजतो.

कोळशाच्या गॅसच्या बाजूने अजून एक मुद्दा. विजेच्या कारखान्याच्या चिमणीतला कार्बन डायऑक्साइड खूप हवेत मिसळलेला असतो, पकडणं अवघड आणि महाग. वायूकरणात गॅस शुद्ध करताना तो दाट स्वरूपात वेगळा निघतो, त्यामुळे पकडणं त्या मानाने सोपं. नॉर्थ डकोटाच्या त्या कारखान्याने २००० पासून आपला बराचसा कार्बन डायऑक्साइड ३०० किलोमीटरहून लांब पाइपने कॅनडातल्या वेबर्नच्या तेलक्षेत्रात पाठवला. तिथे तो जमिनीत सोडतात. मात्र पूर्ण गोष्ट सांगायची तर त्याच्या दाबाने तिथून आणखी तेलही काढतात. तेव्हा हिशेब तिथेही संपत नाही.

म्हणून माझं मत असं आहे. कोळशाचा गॅस करायचा असेल तर पहिला प्रश्न "कुठला उत्प्रेरक?" हा नसावा. पहिला प्रश्न असावा, "ते ४४ किलो कुठे जाणार?" पकडून साठवणार असतील तर कुठे, किती वर्षं, कोणाच्या खर्चाने? कारखान्याला लागणारं पाणी कुठल्या नदीचं? आणि उरलेली राख कोणाच्या गावाशेजारी टाकणार? याची उत्तरं मिळेपर्यंत "स्वच्छ इंधन" हा शब्द निबंधात तरी मुलांकडून लिहून घेऊ नये.

प्राथमिकच्या मुलांना हे कशाला?

काही पालक विचारतील, "सर, अजून पाढे येत नाहीत, आणि तुम्ही उत्प्रेरक शिकवणार?" शंका रास्त आहे. पाढे आधीच. पण उत्प्रेरक हा शब्द शिकवायची गरज नाही. वस्तू कुठून आली, कुठे गेली, एवढं विचारायची सवय लावायची आहे, आणि ती सवय पाढ्यांच्याच वयात लागते. शिवाय आपली बरीच मुलं पुढे खोपोली, रसायनी, पाताळगंगेच्या कारखान्यांत कामाला जातात. पाताळगंगेत पॉलिस्टरचा कच्चा माल बनतो, तोही कोबाल्ट-मँगनीजच्या उत्प्रेरकावर. गेटच्या आत काय चालतं हे कळलेला कामगार स्वतःची सुरक्षितताही जास्त नीट सांभाळतो.

वर्गात करता येण्यासारख्या चार गोष्टी सुचवतो.

१. राखेचं पाणी. चुलीची राख पाण्यात ढवळून गाळून घ्या. हळदीच्या कागदावर थेंब टाका. कागद लाल होतो. राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटमुळे पाणी अल्कधर्मी झालेलं असतं. डोळ्यांत जाणार नाही, एवढी काळजी घ्या.

२. साखर आणि राख. हा प्रयोग फक्त शिक्षकांनी करायचा, मुलांनी लांबून बघायचा. साखरेचा चौकोनी तुकडा चिमट्यात धरून पेटवा. तो वितळतो, पण ज्योत टिकत नाही. दुसऱ्या तुकड्याला थोडी राख चोळून पेटवा. आता ज्योत टिकते. साखर जळून जाते, राख मागे उरते.

३. बटाटा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानातलं पेरॉक्साइड कच्च्या बटाट्याच्या फोडीवर टाका. फसफसून ऑक्सिजन निघतो. तो बटाट्यातल्या विकराने, म्हणजे सजीवांच्या उत्प्रेरकाने सोडवलेला असतो. तीच फोड पुन्हा वापरून बघा.

४. वजनाचा खेळ. कार्बनसाठी १२, ऑक्सिजनसाठी १६, हायड्रोजनसाठी १ असे आकडे लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या करा. २ कार्बन आणि २ पाण्याच्या चकत्या द्या आणि सांगा, एकही चकती न टाकता मिथेन करून दाखवा. मिथेन होतो, पण हातात १ कार्बन आणि २ ऑक्सिजन उरतातच. मग मुलं स्वतःच विचारतात, "सर, हे कुठे टाकायचं?" हा प्रश्न वर्गातून आला की धडा झाला समजा. उत्तराची घाई करू नका.

आणि पाचवी गोष्ट, जी प्रयोगात मोडत नाही. जूनमध्ये भट्टीवरून परत आलेल्या मुलाला कोळशाच्या धड्याच्या दिवशी फळ्यापाशी उभं करा. भट्टी कशी लावतात, भोकं कधी बुजवतात, धुराचा रंग कसा वाचतात, हे त्याला सांगू द्या, चित्र काढू द्या. त्याने भट्टीवर जावं असं आपल्याला मुळीच वाटत नाही. त्याने शाळेत यावं, टिकावं, हंगामी वसतिगृहात राहून तरी शिकावं, यासाठीच आपली धडपड असते. पण शाळेत आपल्याला काहीच येत नाही असं ज्याला रोज वाटतं, ते मूल टिकत नाही. वर्गात निदान एका विषयात सगळे आपल्याकडे बघतात, हे त्याला एकदा तरी अनुभवू द्या.

पालकहो, तुम्हीही एक करा. पुढच्या वेळी मोबाइलवर "कोळशापासून स्वच्छ गॅस, भारताची मोठी झेप" असा मेसेज आला, तर मुलाला जवळ बोलवा आणि दोघं मिळून कागदावर २४ + ३६ = १६ + ४४ मांडा. मेसेजमध्ये त्या ४४ चा उल्लेख आहे का, ते त्याला शोधू द्या.